फ्रीजच्या भिंतीतून गॅसची नळी : काय करावे, काय टाळावे

वऱ्हाडात मार्च लागला की लिंबू-सोड्याला गिऱ्हाईक वाढतं आणि बर्फाचा खर्चही. रिठदसारख्या गावात बर्फाची लादी वाशीमहून नाहीतर रिसोडहून आणायची, आणि ती पोत्यात गुंडाळली तरी दुकानात पोचेपर्यंत पाझरत राहते. यावर एक सरळ तोड आहे. जुना एकदारी फ्रीज घ्यायचा, आत पाण्याची स्टीलची टाकी ठेवायची, कार्बन डायऑक्साइड गॅसचं सिलिंडर बाहेर उभं करायचं आणि फ्रीजच्या भिंतीतून नळी आत न्यायची. थंड पाण्यात गॅस मुरतो. नळ सोडला की पेल्यात तयार सोडा.

परदेशातली हौशी मंडळी जुन्या फ्रीजचं हेच करतात, फक्त टाकीत बिअर असते. आपल्याकडे परवान्याशिवाय बिअर बनवणं १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा इथून पुढे टाकीत सोडाच आहे असं समजून वाचावं. तसाही सोडा निघाला बिअरच्याच पिंपावरून. १७६७ साली इंग्लंडातल्या लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली यांनी शेजारच्या बिअरच्या कारखान्यात आंबवणीच्या पिंपावर पाण्याचं भांडं धरलं आणि पाण्यात वायू मुरतो हे पाहिलं. १७७२ मध्ये त्यांनी त्याची कृती छापली. टाकी, नळी, दाब, भोक ही सगळी रीत दोन्हीकडे एकच.

काम म्हटलं तर एका भोकाचं. पण चांगला चालता फ्रीज भंगारात जायलाही तेवढंच भोक पुरतं.

आधी ठरवा : सिलिंडर आत की बाहेर

करा : भोक खरंच लागणार आहे का, हे आधी पाहा. दोन-तीन किलोचं छोटं सिलिंडर टाकीशेजारी आतच मावत असेल, तर भिंतीला हात लावायचं कारण नाही. रोजचा खप कमी असेल तर मी हाच मार्ग सुचवीन. तोटे दोन. जागा जाते, आणि काटा फसवतो. २० अंशांवर सिलिंडरचा दाब ५७ बारच्या आसपास असतो, ४ अंशांवर तो ३९ वर येतो. गॅस तेवढाच असतो, पण मालक मात्र ‘संपत आलं’ म्हणून सिलिंडर भरायला पाठवतो.

करा : टाकी मात्र फ्रीजमध्येच ठेवा. या सगळ्या खटाटोपाचं कारणच ते आहे. ३० अंशांवरचं एक लिटर पाणी साध्या हवेच्या दाबाखाली पाऊण लिटरही गॅस धरत नाही; तेच पाणी ४ अंशांवर आणलं की जवळजवळ दीड लिटर धरतं. कडक सोड्याला लिटरमागे चारेक लिटर गॅस लागतो. थंड पाण्यात हे पावणेदोन ते दोन बार दाबावर साधतं; उन्हाळ्यातल्या कोमट पाण्याला पाच बारच्या आसपास दाब द्यावा लागतो, आणि एवढं करून पेल्यात ओतताना निम्मा गॅस उडून जातो. थंडाव्याचे पैसे वाचवायला गेलात तर ते गॅसमध्ये जातात.

टाळा : नवा, वॉरंटीतला फ्रीज. भोक पडलं की वॉरंटी संपली. जुना घ्या, पण दाराचं रबर नीट पाहून घ्या. दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज निघून आला तर रबर गेलेलं आहे.

टाळा : डीप फ्रीजच्या भिंतीला भोक. हा ‘टाळा’ बाकी सगळ्यांहून मोठा आहे. कुल्फी-आइस्क्रीमचा पेटीसारखा डीप फ्रीज असतो ना, त्याच्या चारही बाजूंना आतल्या पत्र्यामागे थंड नळ्यांचे वेढे असतात. बाहेरच्या पत्र्यामागेही बहुतेक वेळा गरम नळ्या असतात. तिथे मोकळी जागा शोधणं म्हणजे जुगारच. डीप फ्रीजच वापरायचा असेल तर झाकण काढून पेटीच्या तोंडावर सुताराकडून वीतभर उंचीची लाकडी चौकट बसवून घ्या, तिच्यावर झाकण लावा आणि भोकं लाकडात पाडा. नळी, नळ, सगळं चौकटीतून. सोबत बाहेरचा डिजिटल थर्मोस्टॅट लागेल, अंडी उबवायच्या मशीनला लावतात तसा. नाहीतर उणे १८ अंशांवर टाकी गोठून फुगेल.

भिंतीत काय दडलंय

फ्रीजची भिंत तीन थरांची. बाहेर रंगवलेला पत्रा, आत पांढरं प्लॅस्टिक, मध्ये कडक फोम. कारागीर त्याला पफ म्हणतात. या फोमात कुठेतरी फ्रीजच्या स्वतःच्या गॅसच्या नळ्या पुरलेल्या असतात. त्यातली एक फुटली तर कॉम्प्रेसर कितीही चालवा, थंडावा येणार नाही. फोमात पुरलेली नळी उकरून झाळणं बहुतेक वेळा होतच नाही. झालं तरी खर्च जुन्या फ्रीजच्या किमतीवर जातो. फ्रीजरमधला बर्फ सुरीने खरवडताना फ्रीजर फुटल्याची गोष्ट घरोघरी ऐकायला मिळते. हे त्याच जातीचं नुकसान, फक्त ड्रिलने आणि अधिक वेगाने.

करा : मागे जा आणि जाळी आहे का ते बघा. पाठीवर काळी जाळी उघडी दिसत असेल तर गरम नळ्या त्या जाळीत आहेत, बाजूच्या भिंती मोकळ्या असण्याची शक्यता चांगली. पाठ सपाट असेल तर गरम नळ्या बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवलेल्या आहेत असं धरून चाला. फ्रीज तासभर चालू ठेवून दोन्ही बाजूंवर तळहात फिरवा. गरम पट्टे हाताला लागतात.

करा : हाताचा भरवसा नसेल तर कॉर्नफ्लॉवर वापरा. पातळ सॅनिटायझरमध्ये मूठभर कॉर्नफ्लॉवर कालवायचं, फ्रीज चालू असताना बाजूच्या पत्र्यावर ब्रशने पातळ थर द्यायचा. नळी जिथून जाते तिथला स्पिरिट आधी उडतो आणि पांढरी रेघ उमटते. पेन्सिलीने ती रेघ लगेच आखून घ्या, कारण थोड्या वेळात सगळाच थर पांढरा होतो. सॅनिटायझर पेटतो, तेव्हा दुकानात चहाची शेगडी असेल तर ती आधी बंद, आणि बादली फ्रीजच्या प्लगपासून लांब. ओळखीत कोणाकडे उष्णता दाखवणारा कॅमेरा असेल तर ही सगळी कसरत वाचते.

करा : कॉम्प्रेसरजवळचं लेबल वाचा. आर-१३४ए लिहिलं असेल तर तो गॅस पेटत नाही. आर-६००ए लिहिलं असेल, सोबत ज्वाळेचं पिवळं चिन्ह असेल, तर आत आयसोब्युटेन आहे. म्हणजे शेगडीच्या गॅसचाच भाऊबंद. असतो थोडाच, पन्नासेक ग्रॅम. पण हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला की ठिणगीला पेटतो, आणि ड्रिलच्या मोटारीत ठिणग्या असतातच. गेल्या काही वर्षांतले घरगुती फ्रीज बहुतेक याच गॅसवर चालतात.

टाळा : पाठीची भिंत. फ्रीजरपासून कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या नळ्या तिथूनच उतरतात. वितळलेल्या पाण्याची वाटही तिथेच.

टाळा : दाराच्या चौकटीची कड. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये कडेला दव धरू नये म्हणून चौकटीच्या आतून गरम नळी फिरवलेली असते. हे भल्याभल्या कारागिरांच्याही लक्षात राहत नाही.

टाळा : फ्रीजर वाकवून टाकीसाठी जागा करणं. १९ लिटरची उभी टाकी आत बसत नाही म्हणून लोक अॅल्युमिनियमचा फ्रीजर खाली किंवा मागे दाबतात. कधी कधी जमतंही. नळी सांध्यापाशी चिरली की मात्र सगळं मुसळ केरात. टाकी बुटकी घ्या.

माझं मत : दारातून न्या

इतकं सगळं वाचून जर कोणी विचारलं की मग भोक पाडू कुठे, तर उत्तर एका शब्दात, दार. साध्या एकदारी फ्रीजच्या दारात गॅसची एकही नळी नसते. पत्रा, फोम, प्लॅस्टिक, संपलं. हातून चुकलं तर दार खराब होईल, फ्रीज नाही. जुन्या बाजारात त्याच मॉडेलचं दार मिळूही शकतं.

करा : भोक बिजागरीच्या बाजूला, वरच्या भागात घ्या. दार उघडताना बिजागरीजवळचा भाग कमी हलतो, त्यामुळे नळीला ताण कमी येतो. तरी आत-बाहेर दोन्हीकडे नळीचा एक सैल वेढा सोडा.

टाळा : ज्या दारावर डिस्प्ले, टचची बटणं किंवा पाण्याचा डिस्पेन्सर आहे तिथे हात घालणं. त्यात वायरी असतात. असा फ्रीज या कामासाठी घेऊच नये.

बाजूची भिंत मोकळी आहे याची पुरती खात्री झाली असेल तर तिथून न्यायलाही हरकत नाही. दुकानात सिलिंडर भिंतीपलीकडे, बाहेर ठेवायचं असेल तर तेच सोयीचं पडतं.

ड्रिल हातात घेतल्यावर

करा : फ्रीजचा प्लग काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही. दुकानातली शेगडीही बंद, दार-खिडक्या उघड्या.

करा : सुरुवात आतून करा. ड्रिलच्या पात्याला टोकापासून पाच मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे प्लॅस्टिक भेदलं की पट्टी टेकते आणि हात थांबतो. मग ड्रिल बाजूला ठेवा. पुढचा फोम हाताने, बोथट काडीने उकरा. लाकडी चमच्याची दांडी उत्तम. कडक, गोल, सरळ काही लागलं तर ती नळी असू शकते. थांबा, भोक बुजवा, दुसरी जागा शोधा. मोकळं असेल तर काडी पत्र्याला टेकेल. तिथे बाहेरून खूण करून मग पत्रा बाहेरच्या बाजूने कापा. एका दमात आरपार ड्रिल मारण्यात जो वेळ वाचतो तो पाच मिनिटांचा आहे.

करा : भोक नळीपेक्षा थोडंच मोठं ठेवा. बाहेरून १० मिलिमीटर जाडीच्या नळीला १२ ते १४ चं भोक पुष्कळ झालं. त्यात वायरिंगच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा बाही म्हणून बसवा. पत्र्याची कड कानसेने घासून तिला रंगाचा हात द्या, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच गंज सुरू होईल.

करा : बाही बाहेरच्या बाजूला किंचित उतरती बसवा. पावसाळी हवेतलं दव नळीवरून ओघळलं तर ते बाहेर पडावं, फोमात मुरू नये.

करा : दोन्ही तोंडांना सिलिकॉन भरा. फोमात दमट हवा शिरली की तिथे पाणी धरतं, आणि ओला फोम थंडावा राखत नाही. वीजबिल वाढतं, पण कशामुळे ते कळत नाही. एम-सील वापरू नका. ते दगडासारखं होतं आणि पुढे नळी बदलायची झाली की फोडावं लागतं.

टाळा : नळी पत्र्याच्या उघड्या कडेवर घासत ठेवणं. महिन्या-दोन महिन्यांत कापली जाते.

टाळा : भोक पाडताना फुस्स आवाज आला तर ‘बघू काय होतं ते’ म्हणत पुढे जाणं. आर-६००ए असेल तर दुकानातलं एकही बटण चालू-बंद करू नका. ड्रिलचा प्लगही तसाच राहू द्या, ट्रिगर सोडून ड्रिल खाली ठेवा आणि सगळ्यांना बाहेर काढा. अर्धा तास वारा खेळू द्या. फ्रीजचं जे व्हायचं ते झालेलं आहे.

नळी, रेग्युलेटर आणि टाकी

गावात वस्तू मिळत नाही म्हणून जे हाताशी आहे ते लावायची सवय असते. एरवी ती कौतुकाची गोष्ट आहे. इथे ती आवरायला हवी, म्हणून हा भाग जवळजवळ सगळा ‘टाळा’चाच आहे.

टाळा : फवारणी पंपाची नळी. दाब सोसते, स्वस्त आहे, रिठदच्या कोणत्याही कृषी केंद्रात मिळते, त्यामुळे मोह मोठा. पण ती अन्नासाठी बनवलेली नसते. घरातली वापरलेली नळी असेल तर विचारूच नका. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं दगावली, ती याच औषधांमुळे. नळी दहा पाण्यांनी धुतली म्हणून आतल्या थरात मुरलेलं औषध निघत नाही.

टाळा : शेगडीची केशरी नळी आणि शेगडीचा रेग्युलेटर. शेगडीच्या गॅसचा दाब रेग्युलेटरमधून बाहेर पडताना ०.०३ बार असतो. सोड्याला त्याच्या साठपट-सत्तरपट लागतो.

टाळा : वेल्डिंगचा फ्लोमीटर लावलेला रेग्युलेटर. तो गॅस दर मिनिटाला किती लिटर जातो ते दाखवतो; टाकीत दाब किती झाला ते नाही. तुम्हाला दाब कळायला हवा.

टाळा : पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा. ती सोडा करत नाही, फक्त तेलकट वास देते.

टाळा : टाकीजवळ तांब्या-पितळेचे सांधे. सोड्याचं पाणी आंबट असतं आणि तांबं विरघळवतं. दाब उलटला आणि सोडा नळीत मागे शिरला तर पहिल्या पेल्यात तांब्याचे क्षार उतरतात. मळमळ, उलट्या होतात. पाणी जिथे पोचू शकतं तिथे स्टेनलेस स्टील किंवा खाद्य दर्जाचं प्लॅस्टिकच हवं. पाण्याच्या तांब्यात रात्रभर ठेवलेलं पाणी पिणं वेगळं. त्यात आम्ल नसतं.

टाळा : पाण्याचा २० लिटरचा जार, दुधाची कॅन, कुकर, रंगाचा डबा यांपैकी कशालाही टाकी बनवणं. हिशेब करून बघा. जारचा तळ पाऊण फुटाहून थोडा रुंद, क्षेत्रफळ साडेपाचशे चौरस सेंटिमीटरच्या पुढे. दोन बार दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो. तळावर हजार किलोंहून जास्त जोर आला. जार एवढा भार पेलण्यासाठी बनवलेलाच नाही.

करा : दाबासाठीच बनवलेली स्टीलची केग घ्या, फ्रीजमध्ये मावेल अशीच. शीतपेयांच्या धंद्यातून निवृत्त झालेल्या १९ लिटरच्या केग जुन्या बाजारात मिळतात. त्यांच्यावर १३० पीएसआय, म्हणजे सुमारे ९ बार, एवढा कामाचा दाब कोरलेला असतो. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ओढून बघा. सुटायला हवा आणि सोडल्यावर बसायलाही हवा.

करा : टाकीच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि फ्रीजच्या बाहेर हाताला येईल असा एक बॉल व्हॉल्व्ह लावा. प्रत्येक सांध्याला होज क्लिप. तारेने आवळणं चालणार नाही.

करा : रेग्युलेटर सिलिंडरला जोडताना मधला वॉशर दर वेळी तपासा. गॅस ‘आपोआप संपतो’ अशी जी तक्रार असते, तिचा धनी बहुतेक वेळा दोन रुपयांचा हा वॉशर असतो.

सिलिंडर कुठे उभं करायचं

कार्बन डायऑक्साइड सिलिंडरात द्रवरूपात असतो, पण ३१ अंशांपर्यंतच. त्यापुढे द्रव आणि वायू असा भेद उरत नाही, आणि दाब झपाट्याने चढतो. वाशीम जिल्ह्यात मे महिन्यात पारा बेचाळिशीच्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडखाली त्याहून वर. पूर्ण भरलेल्या सिलिंडरचा दाब तिथे १०० बार ओलांडतो. चांगलं, तपासलेलं सिलिंडर हे सोसतं. जास्त भरलेलं किंवा गंजलेलं सोसेलच असं नाही.

करा : सिलिंडर दुकानाबाहेर, उत्तरेच्या सावलीत, जाळीच्या पिंजऱ्यात, भिंतीला साखळीने बांधून उभं ठेवा. भिंतीतून नळी न्यायचा खरा फायदा हाच आहे. गळती झाली तर ती उघड्यावर होते.

आत ठेवलंत तर काय होऊ शकतं त्याचा हिशेब असा. एक किलो द्रव उडाला की अर्ध्या घनमीटरहून थोडा जास्त वायू होतो. १० किलोचं सिलिंडर म्हणजे साडेपाच घनमीटरच्या आसपास. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या गाळ्यात हवाच मुळात २८ घनमीटर. रात्री शटर लावून गेलात आणि सगळा गॅस गळला, तर सकाळी गाळ्यातल्या हवेचा सहावा हिस्सा, किंवा त्याहून जास्तच, हा वायू असतो. कामाच्या जागी आठ तासांसाठी सुरक्षित मर्यादा अर्धा टक्का मानतात. ४ टक्क्यांना जीवाचा धोका धरतात, १० टक्क्यांच्या पुढे माणूस मिनिटांत बेशुद्ध होतो. वास नाही, रंग नाही. हवेपेक्षा दीडपट जड, त्यामुळे खाली साचतो. शटर उघडून वाकून झाडू मारणारा पोरगा आधी सापडतो.

जुन्या धान्याच्या पेवात आणि पडक्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडायची रीत आपल्याकडे होती. ती इथे पुरत नाही. दिवा विझण्याच्या कितीतरी आधी या वायूने माणसाला भोवळ येते.

करा : आत ठेवण्यावाचून इलाज नसेल तर कार्बन डायऑक्साइड मोजणारा अलार्म, गुडघ्याच्या उंचीवर लावा. शटरला खालच्या बाजूने जाळी ठेवा. रात्री सिलिंडरची मुख्य चावी बंद करा, रेग्युलेटरची नव्हे.

टाळा : कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणून निश्चिंत होणं. तो वेगळा वायू, वेगळं यंत्र. दुकानदारही गल्लत करतात.

टाळा : सिलिंडर आडवं ठेवून वापरणं. द्रव थेट रेग्युलेटरमध्ये येतो, रेग्युलेटर गोठतो आणि आतला पडदा फाटतो.

टाळा : आग विझवायच्या सिलिंडरमधून गॅस काढणं. त्यात तळापर्यंत नळी असते, म्हणजे द्रवच बाहेर येतो. शिवाय तो खाण्याच्या दर्जाचा असेलच याची खात्री कोण देणार?

टाळा : सिलिंडरभोवती उन्हाळाभर ओलं पोतं गुंडाळून ठेवणं. थंडावा मिळतो, खरंय. पण बूड गंजतं, आणि ते दिसत नाही. सावली आणि वारा पुरे.

करा : सिलिंडर घेताना मानेवरचे आकडे वाचा. रिकामं वजन, भरायचं वजन आणि तपासणीची तारीख. दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली तपासणी व्हायला हवी. सिलिंडरचे नियम २०१६चे आहेत आणि ते पाहणारी ‘पेसो’ ही केंद्रीय संस्था आपल्या नागपुरातच आहे. गॅस भरणाऱ्याकडे तिचा परवाना असतो. तो मागून बघायला लाजू नका. बिलावर ‘फूड ग्रेड’ लिहून घ्या.

टाळा : ‘भाऊ, दोन किलो जास्त टाकून देतो’ याला भुलणं. मे महिन्यात ते दोन किलो महागात पडतात.

चालू करताना आणि नंतर

करा : टाकी रिकामी असतानाच गळती तपासा. पाणी भरल्यावर ते गॅस पीत राहतं, काटा उतरतो आणि गळती नसताना गळती वाटते. दोन बार दाब भरा, सिलिंडर बंद करा, सांध्यांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे नाहीत तरी रात्रभर तसंच ठेवा. सकाळी काटा जिथे होता तिथेच हवा. थंडीमुळे अगदी थोडा उतरला तर चालेल.

करा : गॅस किती उरलाय ते वजनावर बघा. आत द्रव असेपर्यंत काटा एकाच जागी राहतो आणि द्रव संपला की धाडकन पडतो. धान्याच्या काट्यावर सिलिंडर ठेवा, मानेवरचं रिकामं वजन वजा करा, झालं.

करा : पाणी आधी गाळलेलं, शुद्ध केलेलं, थंड. गॅस भरल्याने पाणी निर्जंतुक होत नाही. एफएसएसएआयची नोंदणी करा. ती लिंबू-सरबताच्या गाडीलाही लागते.

करा : अर्थिंग. फ्रीजचा पत्रा, स्टीलची टाकी, ओले हात, अनवाणी पाय. तीन पिनचा प्लग आहे म्हणून मागे अर्थिंग आहेच असं गावातल्या जुन्या वायरिंगमध्ये गृहीत धरता येत नाही. वायरमनला बोलावून टेस्टर नव्हे, मीटर लावून बघायला सांगा. व्होल्टेज खालीवर होतं तिथे स्टॅबिलायझरही हवा.

टाळा : वीज गेल्यावर दार उघडून बघत बसणं. टाकी तापली की तिच्यातला दाब वाढतो आणि सोडा फेसाळतो. बॉल व्हॉल्व्ह बंद करा आणि वीज आल्यावर दोन तास थांबा.

टाळा : दाब असताना टाकीचं झाकण काढायची घाई. आधी सेफ्टी व्हॉल्व्ह ओढून सगळा दाब सोडा. आवाज पूर्ण थांबल्यावरच झाकणाला हात.

करा : हंगाम संपला की नळी काढून धुवा, सुकवा, आणि बाहीच्या दोन्ही तोंडांना बूच लावा. पावसाळ्यात उघडं भोक झुरळांना फार आवडतं. फ्रीज पुढे विकायचा झाला तर भोक फोमने भरून बाहेरून पत्र्याची चकती चिकटवा, आणि घेणाऱ्याला ते कुठे आहे ते दाखवून द्या. त्यालाही कधीतरी तिथे दुसरं भोक पाडावंसं वाटेल.